नागपूरच्या घरातली बुरशी : आधी पाणी शोधा, मग भिंत उघडा

नागपुरात बुरशी बहुधा ऑगस्टमध्ये लक्षात येते. आलमारी सरकवली की मागे करडे-हिरवे ठिपके दिसतात, दिवाण उघडला की रजयांना कुबट वास येतो, छताजवळच्या कोपऱ्यात काळे डाग पसरत गेलेले असतात. मग भिंत पुसली जाते, दिवाळीच्या रंगकामात पुट्टीचे दोन हात बसतात आणि पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच जागी तेच डाग पुन्हा उमटतात. रंगात दोष नसतो. भिंतीतले पाणी तसेच राहिलेले असते.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ते संपवता येत नाहीत. धूळ, पुट्टीतले घटक, प्लायवूड, कापड असे त्यांचे अन्नही प्रत्येक घरात असते. आपल्या हातात फक्त पाणी आहे. पृष्ठभागालगतची आर्द्रता काही दिवस सलग ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. त्यासाठी भिंत ओलीचिंब असावी लागत नाही. म्हणून घरातल्या हवेची आर्द्रता शक्यतो ६० टक्क्यांच्या आत ठेवायची आणि भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत सुकवायची, हे दोन आकडे लक्षात ठेवा.

नागपूरकरांच्या बाजूची एक मोठी गोष्ट म्हणजे आपला उन्हाळा. एप्रिल-मेमधली कोरडी हवा जाड भिंतीतली ओल ओढून काढते आणि त्यासाठी कुठलेही यंत्र लागत नाही. कोकणातल्या घराला ही सोय नाही. दुरुस्तीचे वेळापत्रक या दोन महिन्यांभोवती बसवा : पावसाळ्यात निदान, हिवाळ्यात तपासण्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडफोड, मेअखेर भिंत बंद. सप्टेंबरमध्ये ओल्या भिंतीवर 'डॅम्पप्रूफ' रंग लावला तर ते पाणी आतच कोंडते.

आर्द्रता मोजायला शिका

चार-पाचशे रुपयांत डिजिटल आर्द्रतामापक मिळतो. तो विकत घ्या, पण वापरण्याआधी तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात थेंब-थेंब पाणी घालून ओल्या रेतीसारखे करा आणि झाकण व मापक एका हवाबंद डब्यात ८ ते १२ तास ठेवा. मापकाने ७५ टक्के दाखवायला हवेत. ७० दाखवले तर प्रत्येक वाचनात ५ मिळवा.

हे वाचन भिंतीबद्दल काय सांगते, ते नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचा घोळ होतो. पावसाळ्यात बाहेर २६ अंश आणि ८८ टक्के आर्द्रता असताना तीच हवा २९ अंशांच्या खोलीत आली की मापक साधारण ७४ दाखवतो. आकडा पाहून माणूस निर्धास्त होतो. पण आलमारीमागची, सावलीतली, बाहेरच्या बाजूची भिंत २६ अंशांवरच असते. तिथे हवा थंड होते आणि भिंतीलगत आर्द्रता पुन्हा ८८ होते. खोलीच्या मधोमध ७४ आणि आलमारीमागे बुरशी, हे दोन्ही एकाच वेळी खरे असते. म्हणून मापक अडगळीच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकवून ठेवा.

ओल कुठून येते ते ठरवा

जुलै ते सप्टेंबर या काळात भिंतीवरच्या ओलीची कड पेन्सिलने आखा आणि शेजारी तारीख लिहा. दर पंधरा दिवसांनी नवी रेघ मारा. या नकाशाशिवाय मिस्त्रीला बोलावले तर तो त्याला जे काम येते तेच सुचवेल.

जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा, वर पांढऱ्या क्षारांची कड (मिस्त्री याला लोणा म्हणतात) आणि बोट लावताच झडणारे प्लास्टर : ही ओल जोत्यातून वर चढते आणि कमी-अधिक वर्षभर राहते. पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांत ठळक होणारा आणि हिवाळ्यात फिका पडणारा डाग छतातून किंवा बाहेरच्या भिंतीतून येतो. ऋतूशी काहीच संबंध नसलेला, नहाणीच्या किंवा सिंकच्या मागचा डाग नळाचा असतो. आणि ओल न दिसता नुसतेच ठिपके, तेही कोपऱ्यात, आलमारीमागे, पडद्यामागे असतील, तर तो हवेतल्या बाष्पाचा प्रकार.

खात्री करायची असेल तर फूटभर चौरस ॲल्युमिनियम फॉइल भिंतीवर चारही कडांना चिकटपट्टी लावून बसवा आणि ४८ तासांनी पाहा. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर बाष्प खोलीतले आहे. मागे, भिंतीकडे ओल असेल तर पाणी भिंतीतून येते आहे. नळाच्या संशयासाठी घरातले सगळे नळ आणि टाकीकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करून पाण्याच्या मीटरचा काटा बघा. टाकीनंतरच्या नळांसाठी रात्री टाकीतल्या पाण्याची पातळी खुणेने नोंदवा, पाणी वापरू नका आणि सकाळी पुन्हा पाहा. नहाणीसाठी जाळीचे तोंड बंद करून दोन इंच पाणी २४ तास साठवा आणि खालच्या मजल्यावरचे छत, शेजारच्या भिंती तपासा.

एका घरात बहुधा दोन कारणे एकत्र नांदतात. आधी बाहेरून येणारे पाणी थांबवा, बाष्पाचा हिशेब नंतर.

गच्ची आणि बाहेरच्या भिंती

गच्चीवर पाणी साचते का, हे पाऊस थांबल्यावर तासाभराने वर जाऊन पाहायचे. दुसऱ्या दिवशी कोरडी गच्ची पाहून काही कळत नाही. उतार किमान १०० ला १, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच हवा. सुमारे ४०० चौरस फुटांना एक ४ इंची पाइप धरा, पण गच्ची लहान असली तरी दोन पाइप ठेवा. एक पाइप पिंपळाच्या पानांनी तुंबला की पूर्ण गच्चीचे तळे होते, म्हणून मेअखेर जाळ्या साफ करा.

गळती बहुतेक वेळा स्लॅबच्या मधोमध नसते. पॅरापिट (गच्चीचा कठडा) आणि स्लॅब जिथे मिळतात तो कोपरा, पाइपची तोंडे, सोलर हीटरचे किंवा डिशचे स्टँड ठोकलेली भोके, टाकीचा चौथरा या जागा आधी बघा. नागपूरच्या उन्हात स्लॅब दिवसा तापून फुगतो आणि रात्री आकसतो. पॅरापिट त्याच्याबरोबर हलत नाही, म्हणून सांधा फाटतो. तिथे काटकोन न ठेवता दोन इंचांचा गोलाकार वाटा (कोपऱ्यातला गोल भराव) घाला. त्यावर जाळीचे कापड बसवून ॲक्रिलिक-सिमेंट वॉटरप्रूफिंगचे दोन हात आडवे-उभे मारा आणि पॅरापिटवर फूटभर वर न्या. हे काम भर दुपारी करू नका. तापलेल्या स्लॅबवर लेप पकड घेण्याआधीच वाळतो आणि महिनाभरात पापडासारखा निघतो. सकाळी ८ च्या आत किंवा संध्याकाळी, पृष्ठभाग किंचित ओला करून मारा आणि दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेले अंतर पाळा. शेवटी ४८ तास पाणी साठवून परीक्षा घ्या. ही परीक्षा झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

बाहेरच्या भिंतीत पश्चिमेची बाजू पावसाचा मारा जास्त खाते. काँक्रीटचा कॉलम आणि विटांची जुडाई यांच्या सांध्यावर उभी भेग पडतेच, कारण दोन्ही उन्हात सारखे फुगत नाहीत. भेग 'व्ही' आकारात उघडा, लवचिक सीलंटने भरा, त्यावर आठ इंच रुंद जाळी दोन्ही बाजूंना चार-चार इंच येईल अशी बसवून मग छपाई (प्लास्टर) करा. नुसते सिमेंट भरले तर भेग पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते.

खिडक्यांकडे कमी लक्ष जाते, म्हणून थोडे सविस्तर. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळात बाहेरच्या बाजूला पाणी निघायला बारीक छिद्रे असतात. ती धुळीने किंवा रंगाऱ्याच्या पुट्टीने बुजतात आणि पाणी रुळात भरून आतल्या भिंतीत उतरते. खिडकीखाली दोन्ही टोकांना मिशीसारखे डाग दिसले की आधी ही छिद्रे तारेने मोकळी करा. अनेकदा इतक्यानेच काम भागते. खिडकीखालच्या दगडाला उतार बाहेरच्या बाजूला हवा आणि तो भिंतीच्या इंचभर पुढे यायला हवा. सज्ज्याच्या खालच्या कडेला अर्धा इंच रुंद खाच हवी, म्हणजे पाणी तिथेच ठिबकते, उलटे वळून भिंतीवर येत नाही. छतावरच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह खराब असेल तर ओव्हरफ्लोची धार रोज भिंतीवर पडते, तोही पाहा.

जोत्यातून चढणारी ओल

शहराच्या मोठ्या भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगा पाडते. घराभोवतीचा कोबा तिच्याबरोबर खाली-वर होतो, भिंतीपासून सुटतो आणि त्या फटीतून पावसाचे पाणी थेट पायव्याशी जाते. म्हणून पहिला उपाय बाहेरचा : घराभोवती तीन फूट रुंद पट्टा, तीन फुटांत दीड इंच बाहेर उतार, खाली काळी माती काढून फूटभर दाबलेला मुरूम. भिंत आणि कोबा यांच्यामध्ये अर्धा इंच फट मुद्दाम सोडा. तिच्यात फोमची दोरी दाबून वर पॉलियुरेथेन सीलंट भरा. हा सांधा सिमेंटने घट्ट बांधला तर फाटणारच. कुंड्या, वेली आणि बागेचे पाणी या पट्ट्याच्या आत नकोत. रस्ता वेळोवेळी उंच होत जाऊन अंगणच जोत्याच्या वर आले असेल, तर आधी पाण्याला वाट काढून द्यावी लागेल.

भिंतीत डीपीसीचा (जोत्यावर ओल अडवणारा) थर नसेल किंवा तो फुटला असेल तर रसायन भरण्याचा मार्ग आहे. फरशीपासून सहा इंचांवर, विटांच्या सांध्यात, १२ मिमी जाडीची छिद्रे दर ४ ते ५ इंचांवर पाडा. खोली भिंतीच्या जाडीपेक्षा दोन इंच कमी ठेवा. भुकटी फुंकून काढा आणि सिलेन-सिलोक्सेन क्रीम (पाणी अडवणारे रसायन) टोकापासून मागे येत भरा. दगडी किंवा पोकळ भरावाच्या भिंतीत हे क्रीम कुठेही वाहून जाते. तिथे हा खर्च करू नका.

त्याआधी आतले प्लास्टर ओलीच्या कडेच्या दीड फूट वरपर्यंत काढून टाका. त्यात क्षार भरलेले असतात आणि क्षार हवेतले पाणी ओढतात. ते ठेवले तर ओल थांबूनही भिंत पावसाळ्यात दमट लागते. उघड्या विटांवरचा लोणा कोरड्या ब्रशने झाडा. धुतला तर तो पुन्हा आत जातो. भिंत साधारण महिन्याला इंचभर सुकते असा ठोकताळा आहे. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असली तरी साडेचार महिने धरावे लागतात; नागपूरच्या उन्हात ते तीनवर येऊ शकते. फेब्रुवारीत उघडा आणि त्या खोलीत कुलर लावू नका. दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवून २४ तासांनी आत थेंब नसतील तेव्हाच प्लास्टर करा. मेमध्ये छपाई करताना गोणपाट टांगून दिवसातून तीन-चार वेळा भिजवा, सात दिवस. हे चुकले की बारीक जाळीदार भेगा पडतात आणि त्यातून पाणी पुन्हा शिरते.

महाल, इतवारी या जुन्या वस्त्यांतल्या विटा-चुन्याच्या घरांना वेगळा नियम. त्या जाड भिंती ओल घेतात आणि तितक्याच सहज सोडतात. त्यांवर सिमेंटचे प्लास्टर आणि ऑइलपेंट चढवला की ओल बाहेर पडू शकत नाही, ती वर चढत पहिल्या मजल्यापर्यंत जाते आणि तुळयांची टोके कुजतात. अशा घरात चुन्याचेच प्लास्टर करा, एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग रेती, त्यावर चुन्याचाच हात. कारागीर शोधावा लागतो आणि काम हळू चालते, पण या भिंतींना दुसरे काही मानवत नाही.

कुलर, एसी, स्वयंपाक, कपडे

मोठ्या कुलरची ५०-६० लिटरची टाकी रात्रभरात संपते. ते सगळे पाणी घरात येते, म्हणून समोरच्या बाजूची खिडकी कुलरच्या तोंडाएवढी तरी उघडी हवी. ती बंद ठेवणाऱ्या घरात गाद्या मेमध्येच दमट होतात. रोज सकाळी शेवटचा अर्धा तास पंप बंद ठेवून फक्त पंखा चालवा. ताट्या (कुलरच्या गवताच्या जाळ्या) आणि खोली दोन्ही सुकतात. जूनच्या मध्यावर हवा बदलते. मापक रात्रभर ७० च्या वर राहू लागला की पंप बंद करा, थंडावा तसाही मिळत नाही. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून ताट्या उन्हात वाळवा आणि कुलर काढलेली खिडकी नीट बंद करा. तिथे ठोकलेल्या प्लायच्या कडांतून चार महिने पाऊस आत येतो. स्टँड ज्या भिंतीला टेकते तिथे ठिबकण्याचा डाग आहे का, तेही बघा.

एसी १८ अंशांवर ठेवला की शेजारच्या खोलीकडची भिंत थंड होते आणि पावसाळ्यात त्या बाजूला बुरशी धरते. २५-२६ पुरेत. ऑगस्टमध्ये दिवसातून दोन तास 'ड्राय मोड' चालवा.

गॅस जळतानाही पाणी तयार होते, १ किलोमागे सुमारे दीड लिटर. एका १४.२ किलोच्या सिलिंडरमधून वीस लिटरहून जास्त पाणी स्वयंपाकघराच्या हवेत जाते, उकळत्या भाताची वाफ वेगळीच. चिमणीचा पाइप बाहेर काढलेला हवा; जाळीतून हवा गाळून पुन्हा घरात सोडणारी चिमणी बाष्पाला उपयोगी नाही. नहाणीत ६ इंची एक्झॉस्ट फॅन लावा, आंघोळीनंतर अर्धा तास चालवा आणि दाराखाली अर्धा इंच फट ठेवा, नाहीतर हवा आत येणार कुठून? पावसाळ्यात कपडे बेडरूममध्ये दोरीवर नकोतच. एकच खोली ठरवा, पंखा लावा, दार बंद आणि खिडकी उघडी ठेवा.

आलमारी बाहेरच्या भिंतीपासून तीन इंच दूर, पायांवर उभी हवी. फिट केलेले वॉर्डरोब शक्यतो आतल्या भिंतीला करा. बाहेरच्या भिंतीला करायचेच असतील तर मागे इंचभर पोकळी आणि खाली-वर जाळी ठेवा. रजया मेच्या उन्हात वाळवून, थंड झाल्यावर प्लॅस्टिकमध्ये बांधून दिवाणात घाला. कापूर आणि डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी ठीक, ओलीवर त्यांचा परिणाम नाही.

असलेली बुरशी काढणे

दहा चौरस फुटांपर्यंतचा डाग घरी काढता येतो. त्याहून मोठा असेल किंवा घरात दम्याचा रुग्ण, तान्हे बाळ असेल तर बाहेरची माणसे बोलवा आणि काम चालू असताना रुग्णाला आणि बाळाला दुसरीकडे ठेवा.

१. एन-९५ मास्क, चष्मा, रबरी हातमोजे घाला. पंखा बंद, खोलीचे दार बंद, बाहेरची खिडकी उघडी.
२. डागावर साबणाचे पाणी फवारा. कोरडा घासला तर बीजाणू घरभर उडतात.
३. फरशी, काच, धातू कापडाने पुसून घ्या. पुट्टी आणि फुगलेले प्लास्टर खरवडून घट्ट थरापर्यंत जा, कारण बुरशीचे धागे आत गेलेले असतात.
४. लिटरभर कोमट पाण्यात तीन मोठे चमचे बोरॅक्स विरघळवून पुसा, वर धुऊ नका. मुलांच्या हाती लागू देऊ नका.
५. खरवडलेला माल आणि कापडे पिशवीत बांधून बाहेर काढा. मग पंखा लावून भिंत पूर्ण सुकवा.

ब्लीच टाइल्सवर चालते. प्लास्टरमध्ये त्याचे पाणी मुरते आणि वरचा रंग फक्त उडतो, डाग गेल्याचा भास होतो. ते संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. बुरशी लागलेली गादी आणि फुगलेले प्लाय टाकून द्या. ते वाचत नाहीत.

नवे घर बांधताना

जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान दीड फूट उंच हवे. रस्ता पुढे वाढणार हे धरून अडीच फूट ठेवा. आतला भराव खोदलेल्या काळ्या मातीने करायचा मोह होतो, कारण ती फुकट पडलेली असते. तसे करू नका. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून दाबा, वर २५० मायक्रॉनचे प्लॅस्टिक जोडांवर एकमेकांवर आठ इंच चढवून अंथरा, मग काँक्रीट. डीपीसी दीड-दोन इंच जाड, १:२:४ (सिमेंट, रेती, खडी), सिमेंटच्या पोत्याला २०० मिली वॉटरप्रूफिंग द्रव आणि वर डांबराचा हात. दरवाजांखाली डीपीसीचा थर तोडायचा नाही.

विटांची परीक्षा सोपी आहे. कोरडी वीट तोला, २४ तास पाण्यात ठेवा, पुन्हा तोला. तीन किलोची वीट ६०० ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायली तर गाडी परत पाठवा. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतल्या राखेपासून केलेल्या फ्लायॲश विटांनाही हीच मर्यादा लावा. बाहेरची छपाई दोन थरांत, १२ आणि ८ मिमी. स्वयंपाकघर आणि नहाणीच्या कपाटांना आयएस ७१० शिक्क्याचे प्लाय. आयएस ३०३ चे साधे प्लाय ओलीत टिकत नाही. बांधकामात वापरलेले पाणी भिंतीत बराच काळ असते. प्लास्टरनंतर किमान २८ दिवस पुट्टी नको आणि पावसाळ्यात छपाई झाली असेल तर आतला रंग पुढच्या मार्चवर ढकला. वास्तुपूजेची तारीख चुना मारूनही साजरी होते.

घरात पुराचे पाणी शिरले तर

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा वेळी पहिले ४८ तास निर्णायक असतात. मेन स्विच बंद ठेवून पाणी आणि गाळ काढा. गाळ सुकू दिला तर तो भिंतीला सिमेंटसारखा बसतो. भिंती स्वच्छ पाण्याने, मग साबणाने धुवा. भिंतीला लागलेली कपाटे आणि पाण्याखाली गेलेले स्कर्टिंगचे लाकूड उचकटा, मागेच बुरशी धरते. इलेक्ट्रिशियनने पॉइंट तपासल्यावरच पंखे सुरू करा. पाण्याच्या खुणेपर्यंतची पुट्टी आणि रंग खरवडून भिंत तशीच उघडी सोडा. त्या वर्षीच्या दिवाळीला खालचे तीन फूट बिनरंगाचे राहतील. मार्च ते मे सुकू द्या, प्लॅस्टिकच्या तुकड्याची परीक्षा घ्या आणि थेंब दिसला नाही तर जूनच्या आधी पुट्टीचा पहिला हात मारा.